पोळपाटामागून पाहिलेले सिनेमे आणि मालिका

पडद्यावर कुणी कणीक मळायला घेतली की गोष्ट गेली तेल लावत, माझं सगळं लक्ष त्या हातांकडे. कणीक सैल आहे की घट्ट, परातीच्या कडेला काही चिकटलंय का, बोटांच्या पेरांत पीठ बसलंय का. मराठी मालिकांतल्या बहुतेक नायिका कणीक मळत नाहीत, आयत्या गोळ्याला गोंजारतात. आणि बांगड्या पार मनगटावर आलेल्या! कणकेला हात लावायच्या आधी बाई बांगड्या कोपराकडे सारते, हे सेटवर एकालाही ठाऊक नसावं याचं मला दर वेळी नवल वाटतं.

कर्वेनगरला माझं पोळीभाजी केंद्र आहे, महिन्याचे डबेही देते. बाहेरगावची मुलं, एकटे राहणारे आजी-आजोबा, दोघंही नोकरीवर जाणारी जोडपी, असं गिऱ्हाईक. फ्रिजवर एक टीव्ही आहे. सकाळी तवा तापला की तोही सुरू होतो आणि आदल्या रात्रीचे भाग आम्ही पोळ्या लाटता लाटता पाहतो. सिनेमे रात्री, मुलाच्या लॅपटॉपवर, पाय वर घेऊन. कॅमेरा कसा फिरला, प्रकाश कुठून आला, त्यात मला गती नाही. पण पोळी कधी उलटायची ते कळतं, आणि पडद्यावरच्या बाईला ते कळत नसेल तर तिचं पुढचं रडणंही मला पटत नाही. खाली जे लिहिलंय ते एवढ्याच शहाणपणावर.

मालिकांपासून सुरुवात करते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (झी मराठी, 2016 ते 2021) आमच्याकडे लाटणं थांबवून बघितली जायची. नागपूरची राधिका, तिचा तो गुरुनाथ आणि शनाया. नवऱ्याने दगा दिल्यावर राधिका मसाल्याच्या धंद्यात उतरते. इथे आम्ही सगळ्या सावरून बसलो. म्हटलं, आता दाखवतील: ब्याडगी किती, लवंगी किती, मिरची ओली निघाली तर काय करतात, डंकावर नंबर लावायला किती वाजता गेली, कांडताना सगळ्या गल्लीला लागलेला ठसका. छे! बघता बघता ‘राधिका मसाले’ शेकडो कोटींची कंपनी झाली आणि राधिका केबिनमध्ये जाऊन बसली. उधारी नाही, परत आलेला माल नाही, पाकिटाला भोक पडून सांडलेलं तिखट नाही. अनिता दातेचा वऱ्हाडी ठसका झकास होता आणि मालिका तिनेच ओढली, त्याबद्दल तिला पैकीच्या पैकी. धंद्याला मात्र शून्य.

त्याच्याआधी ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये गोखले गृहउद्योग होता. एका घरात सहा सासवा आणि घरचा धंदा गृहउद्योगाचा, म्हणजे एखाद्या कोपऱ्यात चकलीचा सोऱ्या तरी असावा की नाही? मला त्या घरातले सोफे आठवतात, आणि जान्हवीचं ‘काहीही हं श्री’.

‘अगंबाई सासूबाई’ त्या मानाने बरी. आसावरी झालेल्या निवेदिता सराफांच्या हाताला स्वयंपाकाचं वळण आहे. त्या डब्यातून मसाला काढतात तेव्हा चमचा अडखळत नाही, आणि ही गोष्ट शिकवून येत नाही. गिरीश ओकांचा अभिजित राजे शेफ दाखवलाय. एक बाप्या बाईला हौसेने करून वाढतोय, हे बघून आमच्याकडच्या मावशींचं लाटणं हवेतच राहिलं होतं. पुढे मालिकेची बरीच ओढाताण झाली. पण आसावरीच्या लाडावलेल्या लेकाचं नाव, बबड्या, आमच्या केंद्रात कायमचं राहिलं. एखादा पोरगा डबा न्यायला आला आणि ‘काकू, काकडी सोलून द्याल का’ म्हणाला की मावशी आतून म्हणतात, ‘आला बबड्या.’

‘आम्ही सारे खवय्ये’ मी प्रशांत दामल्यांसाठी बघायचे. पदार्थ तोंडात गेल्यावर त्यांचा चेहरा जे करायचा ते पाहून आपल्यालाच भूक लागायची. मात्र तिथे सगळं वाट्यांत मोजून मांडलेलं. जिरं एका वाटीत, मोहरी दुसऱ्या वाटीत, चिमूटभर हिंगालाही आपली स्वतंत्र वाटी. त्या वाट्या मागून कुणी घासल्या, त्या माणसालाही एकदा सेटवर बोलवायला हवं होतं.

आता सिनेमे. माझ्या धंद्यातला म्हणावा असा मराठी सिनेमा एकच, ‘गुलाबजाम’ (2018). सचिन कुंडलकरांचा. लंडनमधली बँकेची नोकरी सोडून एक मुलगा पुण्यात येतो, त्याला मराठी स्वयंपाक शिकायचाय. मित्राच्या डब्यात आलेला गुलाबजाम खातो आणि तो करणाऱ्या बाईच्या शोधाला लागतो. ती बाई म्हणजे सोनाली कुलकर्णीची राधा. डबे करणारी, कुणाला घरात न घेणारी, फटकळ. (डबेवाल्या बायका फटकळच असाव्या लागतात. गोड बोललं की महिन्याचे पैसे पुढच्या महिन्यावर जातात.) सोनालीने त्या बाईचं एकटेपण नीट पकडलंय. अपघातानंतर वर्षानुवर्षं बेशुद्ध पडून राहिलेली, त्यामुळे जगाबरोबर चालताना मधली सगळी वर्षं गाळून आलेली बाई. लोकांशी कसं वागायचं ते तिला समजत नाही, फोडणी किती वेळ द्यायची ते समजतं. सिद्धार्थ चांदेकर शिकाऊ म्हणून शोभतो, आधी हात भाजतील अशी त्याची पकड आणि मग हळूहळू सुधारणा.

तक्रार एकच. त्यातलं अन्न फार देखणं आहे. प्रत्येक पदार्थ असा काही चमकतो की डबा उघडणाऱ्याने आधी नमस्कार करावा. रोजच्या डब्यातली दुधी भोपळ्याची भाजी अशी चमकत नाही, चमकली तर तेल जास्त झालंय समजावं. आणि राधा गॅसवर खर्च किती करते? मोठं निळं सिलिंडर घेते की घरगुतीवर भागवते? हिशेबाची वही एकदा जरी तिच्या मांडीवर दिसली असती तर मी हा सिनेमा गिऱ्हाइकांना सक्तीने दाखवला असता.

‘इंग्लिश विंग्लिश’ (2012) सगळ्यांनी बघितलाय, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. मला श्रीदेवीच्या इंग्रजीपेक्षा तिच्या लाडवांची काळजी होती. शशी गोडबोले पुण्यात घरी लाडू करून विकते आणि नवरा लोकांसमोर म्हणतो की माझी बायको लाडू करायलाच जन्माला आलीय. तो वाईट माणूस नाही, मारत नाही, पितही नाही. फक्त तिच्या धंद्याला धंदा म्हणत नाही. हे गौरी शिंदेने बरोबर हेरलंय. आणि शेवटाकडे, भाचीच्या लग्नाला केलेले सगळे लाडू पोराच्या खोडीमुळे जमिनीवर सांडतात, नेमके तिच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या दिवशी. विकतचे आणू म्हणतात, ती ऐकत नाही, पुन्हा करायला बसते. बघणाऱ्यांना वाईट वाटतं की बाईची परीक्षा चुकली. मला अभिमान वाटला. ऑर्डर ती ऑर्डर. एक मात्र खटकतं, गोडबोल्यांच्या घरात ‘अगं’ आणि ‘अरे’ एवढं तरी मराठी हवं होतं. ते थेट लग्नातल्या गाण्यात ‘नवराई माझी’ म्हणून उगवलं.

‘द लंचबॉक्स’बद्दल (2013) आमच्या घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, मुंबईच्या डबेवाल्यांचा डबा चुकत नाही, आणि चुकला तरी रोज त्याच चुकीच्या माणसाकडे कसा जाईल? मी म्हटलं, तसाच जाईल. डब्याच्या झाकणावर खुणा असतात, कुठून उचलायचा, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. डबा उचलणारा वेगळा, गाडीत चढवणारा वेगळा, पोचवणारा वेगळा. आत काय आहे आणि तो कुणाच्या बायकोने केलाय हे त्यातल्या कुणालाच बघायचं नसतं. म्हणजे दोन डब्यांच्या खुणांची एकदा अदलाबदल झाली की पुढे सगळे जण आपापलं काम चोख करणार आणि डबा रोज वक्तशीर चुकणार. इलाने नवऱ्यासाठी केलेलं जेवण अनोळखी फर्नांडिसला (म्हणजे इरफान खानला) आणि त्याच्या खानावळीची फ्लॉवरची भाजी हिच्या नवऱ्याला. माझ्या मते या सिनेमात सगळ्यात पटणारी गोष्ट हीच आहे.

इरफान खान डबा उघडतो ते मी पुन्हा पुन्हा बघितलंय. एकेक पुडा सोडवतो, झाकण काढतो, वास घेतो, आणि पहिल्या दिवशी चेहऱ्यावर कौतुक नसून संशय असतो. माणूस खानावळीचं खाऊन खाऊन इतका कोरडा झालेला असतो की चांगलं लागलं तर त्याला वाटतं, काहीतरी घोटाळा आहे. माझ्याकडे नवीन लागलेले लोक पहिल्या दिवशी असंच बघतात. नवाजुद्दीन लोकलमध्ये ऑफिसची फाइल मांडीवर घेऊन त्यावर भाजी चिरतो, घरी पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं. ज्याने कुणी हा प्रसंग लिहिला त्याला भाजी चिरायला किती वेळ लागतो ते माहीत आहे.

आणि इलाच्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी! त्या दिसतच नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, त्यात मसाला. नवरा कोमात, वर फिरणाऱ्या पंख्याकडे टक लावून बघत पडलेला, म्हणून ही बाई पंखा थांबू देत नाही, चालू पंखा पुसते. हे सगळं आपल्याला ऐकूनच कळतं. मालिकेत सहा सासवा डोळ्यांसमोर असून एक आठवत नाही आणि ही न दिसलेली बाई डोक्यातून जात नाही. भारतीताईंच्या आवाजाला त्या वर्षीची सगळी बक्षिसं द्यायला हवी होती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले तो सिनेमा. ‘द ग्रेट इंडियन किचन’, मल्याळम, 2021 चा, दिग्दर्शक जिओ बेबी. भाषा कळत नाही म्हणून मी टाळत होते. मुलगा म्हणाला, आई, यात बोलणं कमीच आहे. खरंच कमी आहे. नुसते आवाज आहेत: विळी-सुरीचे, कढईचे, नळाचे. पात्रांना नावंसुद्धा नाहीत. नवी सून, नवरा, सासरा.

सासरा एकदाही ओरडत नाही. इथे दिग्दर्शकाला मी मानलं. तो अगदी मऊ आवाजात सांगतो की भात कुकरमध्ये नको, चुलीवरचा बरा. चटणी मिक्सरमध्ये नको, पाट्यावर वाट. कपडे मशिनला नको टाकूस, झिजतात. प्रत्येक वाक्य ऐकायला गोड आणि प्रत्येकात तिचा अर्धा तास. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मऊ बोलणाऱ्यासमोर आपणच वाईट ठरतो. माझ्याकडे एक गृहस्थ येतात, ‘ताई, फक्त एवढंच’ अशी सुरुवात करतात, आणि त्या ‘एवढंच’मध्ये बिनतेलाची वेगळी भाजी, वेगळा तवा आणि पावणेबाराच्या ठोक्याला डबा, इतकं बसतं.

मग ती मोरी. सिंकखालचा पाइप गळतोय, खाली बादली. ती नवऱ्याला म्हणते प्लंबरला बोलवा, तो हो म्हणतो, विसरतो. पुन्हा म्हणते, पुन्हा विसरतो. पाणी ठिबकतंच. ती उकिडवी बसून खरकट्याने तुंबलेली जाळी मोकळी करते, हात साबणाने धुते आणि हुंगते. हा हात हुंगण्याचा प्रसंग आला तेव्हा मी लॅपटॉप थांबवला. दिवसातून किती वेळा आपण हे करतो आणि आपलं आपल्यालाही माहीत नसतं. लिंबू चोळा, बेसन लावा, सिंकचा वास नखात राहतोच. एका बापई दिग्दर्शकाला हे कुठून समजलं?

दुसरी जागा टेबलाची. दोघं बापलेक जेवून उठतात, शेवग्याच्या चोथ्याचा ढीग ताटाबाहेर टेबलावरच टाकलेला. त्याच टेबलावर सासू-सून नंतर बसणार. बाहेर हॉटेलात गेल्यावर नवरा उष्टं नीट बाजूला काढून ठेवतो, तेव्हा ती हसत म्हणते, इथे बरे रीतभात पाळता. झालं! साहेबांचा अपमान. घरी येऊन माफी मागायला लावतो. शेवट सांगत नाही, पण त्या बादलीतलं पाणी वाया जात नाही एवढं सांगते. पाळीच्या दिवसांत तिला कोपऱ्यात बसवतात आणि शबरीमलाच्या व्रतात घर तिच्याशी कसं वागतं, तो भाग बघताना मला माझ्या आजीचं घर आठवलं. त्यावर इथे लिहीत नाही.

त्याचाच हिंदी अवतार ‘मिसेस’ (2025) झी फाइव्हवर आला. सान्या मल्होत्राने जीव ओतलाय, कंवलजीत सिंगांचा सासराही तितकाच मऊ आणि तितकाच जीवघेणा. पण स्वयंपाकघर मासिकात छापावं इतकं नेटकं, आणि जिथे मल्याळम सिनेमा आपल्याला नुसतं ठिबकणं ऐकवतो तिथे इथे संगीत येऊन सांगतं की आता वाईट वाटून घ्या. मल्याळम बघितला नसेल तर हा चालेल. दोन्हींत एकच बघायचा तर तो केरळचा.

‘नाच गं घुमा’ (2024) प्रदर्शित झाला 1 मे ला, कामगार दिनाच्या मुहूर्तावर. आमच्या कामगारांना त्या दिवशी सुट्टी नव्हती. नंतरच्या रविवारी संध्याकाळचं केंद्र बंद ठेवून सगळ्याजणी गेलो. मुक्ता बर्वेची राणी आणि तिच्याकडे काम करणारी नम्रता संभेरावची आशाताई. नम्रताला ‘हास्यजत्रे’त बघून आम्हाला वाटलेलं की ही नुसती हसवेल. तिने तसं केलं नाही, कंबरेवर हात ठेवून उभी राहायची तिची ढबसुद्धा अस्सल होती. हसलो भरपूर. येताना रिक्षात मावशींनी निकाल दिला, ‘मालकिणीचं घर सारखं दाखवलं. आशाताईच्या घरी सकाळी काय पळापळ होते ते बघायला मजा आली असती.’ यावर मला बोलायला जागा नव्हती, कारण मीही मालकीणच.

छाया कदमचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘लापता लेडीज’मधली स्टेशनवरच्या टपरीची मंजू माई तिची, आणि ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मधली हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वतीही तिचीच. दुसरा सिनेमा पायल कपाडियाचा. 2024 ला कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं. खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास माझे डोळे मिटत होते, सिनेमा संथ आहे. मग पार्वतीच्याच हॉस्पिटलातल्या एका नर्सच्या घरी जर्मनीतून एक राइस कुकर येतो. परदेशी गेलेल्या, वर्षभर फोन न केलेल्या नवऱ्याने पाठवला असेल असं समजायचं. ती नर्स रात्री एकटी असताना त्या कुकरला मिठी मारते. झोप उडाली. पार्वतीकडे चाळीतल्या घराचे कागद नाहीत, बिल्डर हाकलतोय, म्हणून ती सगळं आवरून रत्नागिरीकडे गावी जाते. जाण्याआधी बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड भिरकावते आणि हसत पळते. छाया कदम काहीही करताना ‘अभिनय चाललाय’ असं वाटत नाही, पदर खोचते तो सवयीने. फक्त हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिला आणखी बघायला आवडलं असतं. शे-दीडशे पेशंटांचं, बिनमिठाचं, पथ्याचं, वेळेवर. त्यात एक वेगळा सिनेमा आहे.

शेवटी मुलाच्या आग्रहाखातर बघितलेली इंग्रजी मालिका, ‘द बेअर’. शिकागोतलं सँडविचचं एक कळकट दुकान, भाऊ गेल्यावर मोठमोठ्या हॉटेलांत काम केलेला कार्मी ते चालवायला येतो. सँडविच गोमांसाचं, मी शाकाहारी, त्यामुळे जिन्नसांकडे काणाडोळा केला. पण ते स्वयंपाकघर! सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात. मागून गरम भांडं घेऊन जाताना ‘बिहाइंड’, वळणावर ‘कॉर्नर’. आमच्याकडे ‘सरका, गरम’ म्हणतात, तेच ते.

पहिल्या सीझनचा सातवा भाग जवळजवळ सगळा एका दमात घेतलाय, मध्ये कट नाही. पार्सलच्या यंत्रात आगाऊ ऑर्डरचा पर्याय चुकून उघडा राहतो आणि दुकान उघडायच्या आत चिठ्ठ्यांची माळ सुरू होते. छापखान्यासारखी टरटर, थांबतच नाही. त्यात एक जण आपल्या डोनटच्या नादात, एकीच्या हातात सुरी, कार्मीचा तोल सुटलेला. मी उभी राहून बघितलं. दिवाळीच्या आठवड्यात चिवड्याच्या ऑर्डरी एकदम वाजायला लागल्या की पोटात अस्संच गोळा येतो, आणि तेव्हा जे तोंडून निघतं ते मावशी दुसऱ्या दिवशी विसरल्याचं नाटक करतात.

दुसऱ्या सीझनमध्ये ते दुकान मोडून उंची हॉटेल करतात. तिसऱ्यात कार्मीचा हट्ट, मेनू रोज बदलायचा. रोज! आमच्याकडे गुरुवारी मटकीऐवजी मूग केले तरी फोन येतात. भल्यामोठ्या ताटलीच्या मधोमध एवढंसं काहीतरी, आणि त्यावर चिमट्याने पान ठेवायला तीन माणसं. माझं मन उडालं. मुलगा अजून बघतोय. परवा त्यानेच सांगितलं की सँडविचची जुनी खिडकी त्यांनी चालू ठेवलीय आणि नफा म्हणून जो काय होतोय तो तिथेच. मी म्हटलं, हे त्यांनी पहिल्याच सीझनला मला विचारायचं होतं.